तेवीस नोटा आणि ब्याण्णव भोकं

पुंडलिक खरात यांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्या डोक्यावर भरघोस केस होते. भेट संपली तेव्हा ते गेलेले होते. मधल्या वेळात मी फक्त नऊशे रुपये काढले.

चिकलठाण्याच्या एका बँकेत ते कॅशियर होते, जाळीच्या आत. मी नुकताच नोकरीला लागलेला, जाळीच्या बाहेर, हातात पितळी टोकन. माझ्यापुढे सात माणसं होती. त्यातल्या एकाचं लग्न रांगेतच ठरलं. दुसऱ्याला नातू झाल्याचा निरोप आला. आणि एक म्हातारे गृहस्थ, आपण पैसे भरायला आलो होतो की काढायला, हेच विसरून घरी गेले. खरात मात्र निवांत होते. ओल्या स्पंजावर बोट, बोटाखाली नोट, मग ती नोट उजेडाकडे, उजेडातून परत टेबलावर. माझ्या नऊ नोटा त्यांनी तीनदा मोजल्या. नवाचे दहा होतील अशी मला आशा वाटू लागली, इतक्यांदा. मग त्यांनी नोटांच्या कडा ठोकून सरळ केल्या, टेबलाखालून एक काळं, हातभर लांबीचं स्टेपलर काढलं आणि खटॅक् करून हाणलं. पुन्हा खटॅक्. शपथेवर सांगतो, दहा किलोमीटरवरच्या मकबऱ्याच्या मिनारावरची कबुतरं उडाली. वरच्या नोटेवर बॉलपेननं ‘९’ लिहिलं, खाली ‘पुं.ख.’ अशी सही केली आणि गड्डी माझ्याकडे सरकवली.

“आता ह्याच्यातली एक जरी कमी निघाली,” ते म्हणाले, “तर भर चौकात माझी कॉलर धरायची.”

घरी जाऊन त्या दोन पिना काढताना माझी तीन नखं गेली आणि एक नोट फाटली.

पुढं मी भावसिंगपुऱ्यात घर बांधलं आणि सामान उतरवत असताना शेजारच्या ओट्यावरून आवाज आला, “मोजून घेतलं का सामान?” आवाज मी ओळखला. तेव्हापासून खरातकाका माझे शेजारी आहेत, आणि माझ्याकडे येणारा प्रत्येक गॅस सिलिंडर, दुधाची पिशवी नि पाहुणा हा मोजून घेतलेला आहे.

मूळचे पिशोरचे. घरात पहिले शिकलेले. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून कंदिलाच्या उजेडात अंकगणित केलेलं, त्यामुळे आकड्याशी लबाडी करणं त्यांना पाप नव्हे, बेइमानी वाटायची. आणि ती दोन वेगळी आहेत असं ते बजावून सांगत. चौतीस वर्षं कॅश सांभाळली, एक रुपयाचा फरक आला नाही. मध्येच वरून हुकूम आला की नोटांना पिना मारायच्या नाहीत, नोटांवर लिहायचं नाही, कागदी पट्टी लावायची. काकांच्या मते देशाची घसरण त्या दिवशी सुरू झाली. “पट्टी लावलेली गड्डी म्हणजे नाडी नसलेला पायजमा,” ते म्हणत. “चालताना काय गळंल, सांगता येत नाय.” बँकेनं सगळी स्टेपलरं भंगारात काढली. काकांनी आपलं अकरा रुपयांना विकत घेतलं. पावतीसकट. ती पावती त्यांनी स्टेपलरनंच भिंतीवरच्या कॅलेंडरला मारून ठेवली होती.

ही पिनांची गोष्ट मी इतकी लांबवून सांगतोय, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला.

निवृत्तीनंतर काकांनी वरची खोली भाड्यानं दिली. विद्यापीठ जवळ असल्यामुळं आमच्या भागात परदेशी विद्यार्थी पुष्कळ. त्यातला येमेनचा नबील काकांच्या वाट्याला आला. उंच, सडपातळ, गालफडं बसलेली. इथल्या एका महाविद्यालयात ज्वारीच्या खोडकिडीवर पीएच.डी. करत होता. त्याच्या गावी, तैझजवळ, ज्वारीच पिकते आणि किडाही जवळपास तसाच, असं कळल्यावर काकांनी त्याला भाडेकरू मानणं सोडून दिलं आणि भाकरी द्यायला सुरुवात केली. पाच वर्षांत तो असं मराठी बोलायला लागला की पिशोरच्या बाजारात त्याला कुणी परका म्हटलं नसतं. फक्त अडचणीत आला की हिंदीत शिरायचा.

रोज सकाळी काका ओट्यावर पेपर वाचत नि नबील फोनमध्ये डोकं घालून बसे. एक दिवस काकांनी विचारलं, “काय पाहून राहिला रे नबिल्या? लग्नाचं स्थळ का?”

“नाय काका. डॉलरचा भाव.”

“आमच्या पेपरात असतो की.”

“हा आमच्याकडचा. सनामध्ये पाचशे तीस रियाल. एडनमध्ये एकोणीसशे.”

काकांनी चष्मा काढला. “एकाच देशात?”

“एकाच देशात.”

“रिझर्व्ह बँक झोपली का तुमची?”

“दोन आहेत काका. एक इकडच्या सरकारची, एक तिकडच्या. एक बँक नवीन नोटा छापते, दुसरी म्हणते त्या चालणार नाहीत. उत्तरेकडे जुन्या, फाटक्या, चिकटपट्टी लावलेल्या नोटाच चालतात. नवीन कोरी नोट दाखवली तर जप्त.”

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “ऐकलं का? दोन रिझर्व्ह बँका! आन् फाटकी नोट भारी, कोरी नोट रद्दी!” मला वाटलं त्यांना चक्कर येणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आदर होता. “लई जुन्या वळणाचे लोक दिसतात.”

नबीलला मात्र त्यात गंमत वाटायचं काही कारण नव्हतं. त्याच्या बापाचे पैसे गावातल्या बँकेत होते आणि बँक ते देत नव्हती. दिले तरी तिकडून इकडं पाठवता येत नव्हते, कारण त्यांच्या बँकेचं नाव ऐकलं की जगातली दुसरी कुठलीही बँक दार लावून घ्यायची. आणि महाविद्यालयाची परदेशी विद्यार्थ्यांची फी डॉलरात ठरलेली. म्हणजे पाहा, ज्याला डॉलर मिळत नाहीत त्यालाच डॉलरात मोजायचं. ज्या शेठजींचे कोट्यवधी रुपये एका बटनावर दुबईला जाऊन संध्याकाळी जेवायला परत येतात, त्यांना कुणी विचारत नाही. एका किडे मोजणाऱ्या पोराच्या फीसाठी मात्र सगळ्या जगाचे कायदे जागे असतात. मला हे लिहिताना आजही राग येतो, आणि माझा स्वभाव रागीट नाही हे मी बायकोची साक्ष काढून सांगू शकतो.

शेवटी बापानं गाडी विकली, डॉलर जमवले. नबीलचा एक चुलता हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला येणार होता, त्याच्या हाती ते दिले. नबील रात्रीच्या बसनं मुंबईला गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला, तो शर्टाच्या आत पाकीट घेऊनच. शंभर डॉलरच्या तेवीस नोटा, त्या रुपयांत बदलून फी भरायची. त्या दिवशी मंगळवार होता. फी शनिवारपर्यंत भरली नाही तर नोंदणी रद्द, नोंदणी रद्द म्हणजे राहण्याचा परवाना वाढणार नाही, आणि परवाना नाही म्हणजे प्रबंध अर्ध्यावर टाकून परत तैझ. तिथं लढाईत ज्वारीही उरलेली नव्हती आणि कॉलेजही.

ओट्यावर आम्ही तिघे बसलो होतो. काका म्हणाले, “मोजलेत का?”

“चाचांनी मोजून दिलेत.”

“चाचांचं हृदय दुखतंय. त्यांच्या मोजण्यावर काय भरवसा? आण इकडं.”

त्यांनी आतून स्पंज मागवला. तेवीस नोटा तीनदा मोजल्या. प्रत्येक नोट उजेडाकडं धरून तिच्यातल्या त्या गृहस्थाचं तोंड तपासलं. “ह्या साहेबाचे केस विंचरायला पाहिजेत,” असा शेराही मारला. मी हसत होतो. नबील हसत होता. काकांनी कडा ठोकून सरळ केल्या आणि त्यांचा उजवा हात खुर्चीखाली गेला.

मला त्या वेळी समजायला हवं होतं. तीस वर्षांपूर्वी मी तो हात असाच खाली जाताना पाहिला होता. पण मी कपातला शेवटचा घोट घेत होतो.

खटॅक्. खटॅक्.

मग त्यांनी कानावरचं बॉलपेन काढलं, वरच्या नोटेवर ‘२३’ लिहिलं, खाली ‘पुं.ख.’ आणि तारीख. गड्डी नबीलच्या हातात दिली. “घे. आता कुणी माईचा लाल एक नोट काढून दाखव म्हणावं.”

नबीलचा चेहरा उतरला. “काका,” तो म्हणाला, “ये क्या किया?”

“काय केलं?”

“डॉलर को पेन भी नहीं लगाते, काका. घडी भी नहीं डालते.” आणि मग तो मराठीत बोलायचा प्रयत्न करायला लागला नि त्याला जमेना.

काकांची मुलगी करुणा शाळेत शिकवते. ती बाहेर आली, गड्डी पाहिली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही पिना मारल्या?” तिचा आवाज असा होता, की काकांनी ताबडतोब नखानं पिना उचकटायला घेतल्या. मी टाचणी आणली. दोन पिनांची चार टोकं, तेवीस नोटा. प्रत्येक नोटेला चार भोकं. एकूण ब्याण्णव. काकांनी तीही मोजली.

बुधवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या जुन्या बँकेत गेले. मी आणि नबील मागं. काउंटरवर मोनिका नावाची तरुण अधिकारी होती, काकांच्या निवृत्तीनंतर लागलेली. तिनं उठून नमस्कार केला, चहा मागवला आणि म्हणाली, “सर, परदेशी नोटा आपण घेतच नाही. मुंबईच्या शाखेत पाठवाव्या लागतील, ते पुढं पाठवतील, तीन-चार महिने लागतात. आणि भोकं असली तर किती मिळतील, मिळतील की नाही, सांगता येत नाही.”

“शनिवार आहे,” काका म्हणाले.

“सर, मला कळतंय.”

“कळून काय उपयोग, बाई? मी ह्या खुर्चीत चौतीस वर्षं बसलो. लाखो नोटांना पिना मारल्या. एकीनं तरी तक्रार केली का?”

तिथून जालना रोडवर, परवाना असलेल्या नोटा बदलणाऱ्याकडं. काचेचं दुकान, एसी, आत टाय लावलेला मुलगा. त्यानं नबीलचा पासपोर्ट पाहिला, नोटा दिव्याखाली धरल्या आणि दोन बोटांनी परत सरकवल्या. “होल आहेत अंकल. आणि पेन मार्क. आमचं हेड ऑफिस रिजेक्ट करतं.”

“बारीक भोक आहे! सुईचं!”

“होल इज होल, अंकल.”

“अरे, तुझ्या टायला खालून केवढं भोक पडलंय ते बघ! म्हणून तुला कुणी रिजेक्ट केलं का?” मुलानं टाय पाहिला. खरंच भोक होतं. पण नोटा घेतल्या नाहीत. रस्त्यावर येऊन काका ओरडले, “अमेरिकेचं सरकार म्हणत नाय, भोक पडलं तर आमची नोट मेली! मग हे कोण? ह्यांच्या बापानं छापली का?”

नबील हळूच म्हणाला, “काका, हीच भोकं माझ्या किड्यानं पाडली असती तर मला निदान प्रबंधात टाकता आली असती.” काका त्याच्याकडं असे बघायला लागले की पोरानं ‘सॉरी’ म्हटलं.

गुरुवारी तिसरा रस्ता उरला होता, आणि तो सगळ्या शहराला ठाऊक होता. निराला बाजारात अभय नावाच्या माणसाचं ट्रॅव्हल्सचं दुकान. पुढं विमानाची तिकिटं, मागं पडदा, पडद्यामागं अभय. त्या दिवशी बँकेचा भाव होता त्र्याऐंशी रुपये चाळीस पैसे. कोऱ्या नोटेला अभय साडेचौऱ्याऐंशी देत होता, म्हणजे सरकारपेक्षा जास्त. काकांनी हे ऐकलं तेव्हाच त्यांचा एक हात छातीवर गेला.

अभयनं नोटा पत्त्यांसारख्या पसरल्या. “हे बघा काका. एकदम कोरी, नवीन छापाची, ती वेगळी. घडी पडलेली ऐंशी. पेन लागलेली पंचाहत्तर. भोकवाली…” त्यानं नोट डोळ्यासमोर धरून भोकातून काकांकडं पाहिलं. “पासष्ट.”

“भाजी विकून राहिला का? किडकी वांगी वेगळी, ताजी वेगळी?”

“हौ काका, तसंच समजा.”

“पण शंभर डॉलर म्हणजे शंभर डॉलरच ना?”

“बँकेत असंल. इथं नाय.”

काकांनी पसरलेल्या नोटा गोळा करून कडा ठोकल्या. मग विचारलं, “पासष्टनं घेतले, तर पावती देशील?”

अभय इतका हसला की पडद्याबाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावलं. “काका, पावती पाहिजे तर जालना रोडला जा. तिथं पावती आहे, पैसे नाय. इथं पैसे आहेत, पावती नाय.”

मला आजही वाटतं की काकांना त्या पासष्टपेक्षा हसण्याचा राग जास्त आला. बाहेर येऊन त्यांनी मला रिक्षासुद्धा करू दिली नाही. निराला बाजारापासून भावसिंगपुऱ्यापर्यंत चालत आलो, आणि सबंध रस्ताभर ते एकटेच बोलत होते. “पोराच्या बापानं गाडी विकली. गाडीला भोक होतं का? नव्हतं. चुलत्यानं छातीशी धरून आणले. तवर भोक होतं का? नव्हतं. भोक पाडलं पुंडलिक खरातनं. आन् त्याचे पैसे भरणार नबिल्या? का म्हणून?”

शुक्रवारी त्यांनी मुदत ठेव मोडली. करुणा म्हणाली, “बाबा, नोटा त्यालाच विकू द्या पासष्टनं. वरचा फरक तेवढा आपण देऊ. बेचाळीस हजारांत भागतंय.”

“माझ्या घरातलं पोरगं पडद्यामागं जाऊन बसणार? बिनपावतीचं?”

“मग तुम्ही त्या नोटांचं काय करणार?”

“पूर्ण भावानं बदलून आणीन. त्र्याऐंशी चाळीस. एक पैसा कमी घेणार नाय. देशात कायदा आहे.”

बँकेच्या भावानं एक लाख एक्याण्णव हजार आठशे वीस रुपये त्यांनी नबीलच्या खात्यात भरले. नबील म्हणत होता, काका, नक्को, निम्मे घ्या माझ्याकडून, मी वर्षभर कुठंतरी काम करतो. काकांनी त्याला दम दिला. “तुझ्या किड्यांकडं बघ. नोटांचं मी बघतो.” शनिवारी सकाळी अकराला फी भरली गेली. नबीलनं पावती आणून काकांच्या हातात दिली. काकांनी ती दोनदा वाचली आणि सवयीनं खुर्चीखाली हात घातला. करुणानं स्टेपलर केव्हाच उचलून नेलं होतं.

त्या संध्याकाळी काका माझ्याकडं आले, दार लावून घेतलं आणि कुजबुजत म्हणाले, “एक भानगड झाली. नियम वाचला. आपल्या माणसाला घरात दोन हजार डॉलरच ठेवता येतात. माझ्याकडं तेवीसशे आहेत.”

“मग?”

“वीस नोटा माझ्याकडं. तीन तुमच्याकडं.”

“काका, मुळात परदेशी माणसाकडून डॉलर विकत घेणंच बेकायदा असेल ना?”

“विकत कुठं घेतले? नुकसानभरपाई दिली.” त्यांनी तीन नोटा माझ्या हातात ठेवल्या, आणि मी त्या शिधापत्रिकेच्या प्लास्टिकमध्ये घातल्या. चौतीस वर्षांत एक रुपयाचा फरक न येऊ दिलेला माणूस आणि मी, असे आम्ही दोघं चोरटे झालो. त्या रात्री बायकोनं विचारलं, झोप का येत नाही? मी म्हटलं, आंतरराष्ट्रीय कारणं आहेत.

मग पत्रं सुरू झाली. मुंबईच्या मोठ्या कार्यालयाला, दिल्लीच्या त्याहून मोठ्या कार्यालयाला, एक पत्र थेट अमेरिकेच्या खजिन्याला, मराठीत, सोबत करुणानं केलेलं इंग्रजी. ‘आपल्या नोटेस सुईएवढे भोक पडल्यास आपले सरकार ती नोट आपली मानते की नाही, कृपया उलट टपाली कळवावे.’ अमेरिकेनं कळवलं नाही. दिल्लीनं कळवलं की अर्ज मुंबईला पाठवला आहे. मुंबईनं कळवलं की सदर चलन आपणाकडे कोणत्या मार्गाने आले याचा खुलासा करावा. काकांनी चार पानी खुलासा लिहिला. त्यात खरं ते सगळं लिहिलं, माझं नाव, माझा पत्ता आणि माझ्या तीन नोटांसकट. करुणा तो पोस्टात टाकते म्हणून घेऊन गेली. तिनं तो टाकला नाही. मला ठाऊक आहे, कारण त्याचे तुकडे माझ्याच बंबात जळाले.

उत्तर येत नाही म्हणून काका भडकत राहिले. दर सोमवारी ओट्यावरून सरकारला, बँकांना, टायवाल्या मुलाला आणि अभयच्या पडद्याला शिव्या बसत, आणि मी त्या ऐकून घेई. एक तर मला त्या पटत होत्या, आणि दुसरं म्हणजे बंबाची लाज वाटत होती. डॉलर चढत गेला. पंच्याऐंशी झाला, सत्याऐंशी झाला, नव्वदला टेकला. काका पेपर माझ्यापुढं नाचवत. “बघा! माझ्या नोटा वाढून राहिल्या!” शहरात तेवीस नोटांवर फायदा झालेला आणि एक पैसा हाती न आलेला एवढा श्रीमंत माणूस दुसरा नसेल. अभयनं निरोप पाठवला की भाव चढलाय, सत्तर देतो. काकांनी उलट निरोप दिला की त्र्याऐंशी चाळीस आणि पावती, नाहीतर नोटा माझ्या राखेबरोबर जातील.

नबीलला पदवी मिळाली. तो आता ओमानला एका शेतकी केंद्रात आहे. जाताना त्यानं काकांना आपल्याकडची एक जुनी रियालची नोट दिली, मधोमध फाटलेली, चिकटपट्टी लावलेली. “काका, ही सनामध्ये चालते,” तो म्हणाला. काकांनी ती बाबासाहेबांच्या फोटोच्या काचेत खालच्या कोपऱ्यात बसवली. पिन मारली नाही.

गेल्या महिन्यात काकांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते दवाखान्यात असताना करुणानं त्यांच्या वीस आणि माझ्याकडच्या तीन नोटा अभयला बहात्तरच्या भावानं विकल्या. पावती मिळाली नाही.